वारा, वेग आणि पेट्रोल : प्रवाहरेखित मोटारसायकलीचा एक अभ्यास

दुचाकी ही आपल्या भागात आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. ढाणकीहून उमरखेडला किंवा पुसदला जाणारा नोकरदार, पैनगंगा ओलांडून हिमायतनगरच्या बाजारात जाणारा शेतकरी, मजुरीसाठी रोज गावाबाहेर पडणारा तरुण, या सर्वांचे दिवसाचे गणित गाडीच्या टाकीपासून सुरू होते. पेट्रोलच्या दराने लिटरमागे शंभर रुपयांची मर्यादा ओलांडल्यानंतर तर ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न कुटुंबाच्या अर्थकारणाचा प्रश्न झाला आहे. या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा इंजिनात शोधतो. ते गाडीच्या आकारातही दडलेले आहे, हे या लेखात विद्यार्थ्यांसमोर मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आमचा विषय इतिहास. इतिहासाच्या शिक्षकाने मोटारसायकलीवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासातच आहे आणि ते प्रथम सांगणे आवश्यक आहे.

वाहन आणि स्वाभिमान

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत दोन प्रवासांची हकिकत नोंदवली आहे. पहिला प्रवास १९०१ सालचा. वडिलांना भेटण्यासाठी कोरेगावला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. ती महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकाने होकार दिला तो या अटीवर, की बैलगाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने चालू. दुसरा प्रवास १९२९ सालचा, चाळीसगावचा. तेव्हा बाबासाहेब विलायतेतून उच्च पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते आणि मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. तरीही टांगेवाल्यांनी त्यांना बसवून टांगा हाकण्यास नकार दिला. वस्तीतील लोकांनी टांगा तेवढा भाड्याने मिळवला आणि हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्यातीलच एकाला पुढे बसवले. पुलावर टांग्याला अपघात झाला. बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

या दुसऱ्या प्रसंगातून आम्ही विद्यार्थ्यांना एक गोष्ट विशेषत्वाने सांगतो. त्या दिवशी वस्तीतील माणसांकडे वाहन होते, निष्ठा होती, स्वाभिमान होता. ते वाहन चालवण्याचे ज्ञान मात्र समाजव्यवस्थेने त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले नव्हते. ज्याच्या हाती अवजार होते त्याला पाटी मिळाली नाही, आणि ज्याच्या हाती पाटी होती त्याने अवजाराला कमी लेखले. जातिव्यवस्थेने केलेली ही फारकत आपल्या देशाच्या यंत्रविद्येलाही महाग पडली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी वीज, जलनियोजन आणि तांत्रिक प्रशिक्षण या विषयांकडे एवढे लक्ष का दिले, हेही यावरून उमगते. यंत्र माणसाचे कष्ट कमी करते आणि त्याला विचार करण्यास फुरसत देते, अशी त्यांची भूमिका होती. यंत्राला त्यांचा विरोध नव्हता. यंत्राचा लाभ मूठभरांकडेच राहावा, याला त्यांचा विरोध होता.

आज आपल्या वस्त्यांमध्ये दारोदार गाडी उभी आहे. हप्ते भरून ती आपली झाली. आता तिच्यामागील ज्ञानही आपले व्हावे, हा या लेखाचा हेतू आहे.

गाडीला कोण अडवते?

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चालणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात. पहिली म्हणजे टायर आणि रस्ता यांमधील लोळण-घर्षण. ते वजनावर अवलंबून असते आणि वेगाने फारसे बदलत नाही. दुसरी म्हणजे हवा. हवा डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिला वजन नाही असे आपण समजतो; पण एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. गाडीला ही हवा सतत बाजूला सारत पुढे जावे लागते.

हवेच्या अडथळ्याचा नियम सोपा आहे. वेग दुप्पट झाला की अडथळ्याचे बल चौपट होते. त्या बलाविरुद्ध लागणारी शक्ती तर आठपट होते. उदाहरणादाखल आपण गाडी आणि चालक यांचे एकत्रित वस्तुमान १८० किलोग्रॅम धरू. ताठ बसलेल्या चालकासह गाडीचा समोरचा क्षेत्रफळ-आकार गुणाकार, म्हणजे समोरून दिसणारे क्षेत्रफळ गुणिले आकाराचा अडथळा-गुणांक, ०.६ चौरस मीटर धरू. मग गणित असे येते : हवेचा अडथळा ताशी २० किलोमीटर वेगाला ११ न्यूटन, ४० ला ४४ न्यूटन, ६० ला १०० न्यूटन आणि ८० ला १७८ न्यूटन. टायरचे घर्षण मात्र या सर्व वेगांना सुमारे ३५ न्यूटनच राहते.

हे आकडे नीट पाहावेत. गावातील गल्लीत ताशी २० च्या वेगाने जाताना हवेचा अडथळा टायरच्या घर्षणाहून बराच कमी आहे. ताशी ६० च्या वेगाला मात्र एकूण १३५ न्यूटनपैकी १०० न्यूटन म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश अडथळा एकट्या हवेचा आहे. त्या वेगाला आपण जे पेट्रोल जाळतो, त्यातून चाकापर्यंत पोहोचणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग माणूस वाहून नेण्यात खर्च होत नाही. तो वारा ढकलण्यात खर्च होतो.

आता पेट्रोलचा हिशेब करू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा असते. त्यातील पाचवा हिस्सा, म्हणजे ६४ लाख ज्यूल चाकापर्यंत पोहोचते असे धरू. ताशी ६० वेगाला एक किलोमीटर जाण्यासाठी १.३५ लाख ज्यूल लागतात; म्हणून एका लिटरमध्ये सुमारे ४७ किलोमीटर. ताशी ८० ला हाच आकडा ३० वर येतो आणि ताशी ४० ला ८१ वर जातो. प्रत्यक्षात चढ, ब्रेक, खड्डे आणि इंजिनाची अवस्था यांमुळे फरक पडतो. परंतु वेग वाढला की ॲव्हरेज का कोसळते, याचे कारण यातून स्पष्ट होते.

आकाराचे महत्त्व

समोरून दिसणारे क्षेत्रफळ सारखे असले तरी सर्व आकारांचा अडथळा सारखा नसतो. वाऱ्यासमोर आडवी धरलेली सपाट चकती घेतली तर तिचा अडथळा-गुणांक १.१ च्या पुढे असतो. चेंडूचा सुमारे ०.४७ असतो. पुढे गोलसर आणि मागे लांबट निमुळता होत गेलेला थेंबासारखा आकार घेतला, तर तो ०.०५ च्या आसपास येतो. मासा आणि पाणपक्षी यांची शरीरे अशी का असतात, हे विज्ञानाच्या पुस्तकात आपण वाचलेच आहे. यालाच प्रवाहरेखित आकार म्हणतात.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. गाडीचे तोंड टोकदार केले की ती वारा कापते, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः या वेगांना तोंड गोलसर असले तरी भागते. खरी किमया शेपटीची आहे. वस्तू पुढे गेल्यावर तिच्या मागे हवा एकदम मिळू शकत नाही. तेथे भोवरे उठतात, दाब कमी होतो आणि वस्तू मागे खेचली जाते. शेपूट हळूहळू निमुळती असेल तर हवा शांतपणे पुन्हा जुळते. मोटारसायकल या दृष्टीने वाईट आकाराची आहे. उघडे हँडल, उघडे इंजिन, पसरलेले गुडघे, छातीवर आदळणारा वारा आणि पाठीमागे एकदम संपणारे शरीर, यांमुळे तिच्यामागे भोवऱ्यांची मोठी रांग तयार होते.

महाराष्ट्रातील ॲव्हरेजचा इतिहास

असे असताना आपल्याकडे गाडीच्या आकाराकडे दुर्लक्ष का झाले? महाराष्ट्र हे दुचाकी उद्योगाचे माहेरघर. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथून ५० सीसीची ‘लूना’ बाजारात आणली. हलके वजन, लहान इंजिन आणि गरज पडल्यास मारता येणारे पेडल हे तिचे वैशिष्ट्य. त्यानंतर लगेच १९७३ च्या अखेरीस जागतिक तेलसंकट आले. काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत जवळपास चौपट झाली आणि काटकसरीच्या गाडीचे महत्त्व अधिकच वाढले. १९८५ मध्ये हिरो होंडाच्या सीडी १०० या चार-स्ट्रोक मोटारसायकलीने ॲव्हरेजची कल्पनाच बदलली. अलीकडे, ५ जुलै २०२४ रोजी, पुण्यात बजाज ऑटोने ‘फ्रीडम १२५’ ही सीएनजीवर चालणारी मोटारसायकल सादर केली. वजन, इंजिन, इंधन अशा तीन दिशांनी हा प्रवास झाला. आकाराची चौथी दिशा बहुतांशी रिकामीच राहिली.

त्याचे एक कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे गाड्यांच्या चाचणीसाठी दीर्घकाळ जे ‘भारतीय चालनचक्र’ वापरले गेले, ते १०८ सेकंदांचे होते. त्यातील कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर होता. शहरातील गर्दीचे ते चित्र होते. या वेगाला हवेचा वाटा थोडा. म्हणून आकार सुधारून कागदावरील ॲव्हरेज फारसे वाढणारे नव्हते. पुढे या चक्राची जागा जागतिक प्रमाणचक्राने घेतली. जे मोजले जाते तेच सुधारले जाते, हा नियम शाळेला लागू आहे तसा कारखान्यालाही आहे.

परंतु आता आपले रस्ते बदलले आहेत. उमरखेड-महागाव-यवतमाळ असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाला आणि ज्या गाड्या ताशी ४० ने जात होत्या त्या ७०-८० ने जाऊ लागल्या. महामार्गासोबत हवेचा प्रश्नही आपल्या दारी आला आहे.

जगातील प्रयोग

इतरत्र या दिशेने बरेच प्रयत्न झाले. इटलीतील मोटो गुझी या कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभी मांदेल्लो येथील कारखान्यात गाड्यांसाठी वातबोगदा उभारला. जर्मनीत गुस्ताव बाऊम यांनी एनएसयू कंपनीसाठी चालक जवळजवळ आडवा पहुडलेला असेल अशी, पूर्ण कवच असलेली छोटी गाडी बनवली. १९५४ मध्ये अवघ्या ५० सीसी इंजिनावर तिने ताशी १२० किलोमीटरहून अधिक वेग गाठला. पुढच्याच वर्षी चाचणीदरम्यान झालेल्या अपघातात बाऊम यांचा मृत्यू झाला. शर्यतीच्या गाड्यांवरही पुढचे चाक झाकणारी पूर्ण कवचे आली. परंतु आडव्या वाऱ्यात ती गाडीला ढकलू लागली. अखेर १९५७ च्या हंगामानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांवर बंदी घातली.

वेगासाठी सुरू झालेले हे शास्त्र काटकसरीकडे वळवण्याचे श्रेय अमेरिकेतील क्रेग व्हेटर यांच्याकडे जाते. तेलसंकटाच्या पार्श्वभूमीवर १९८० ते १९८५ या काळात त्यांनी कमीत कमी इंधनात धावणाऱ्या मोटारसायकलींच्या स्पर्धा भरवल्या. स्पर्धकांनी लहान इंजिनाच्या साध्या गाड्या घेतल्या, आसन खाली आणले, पाय पुढे घेतले, नाक गोल केले आणि शेपूट लांबवली. शेवटच्या वर्षी विजेत्या गाडीने एका गॅलनमध्ये सुमारे ४७० मैल मजल मारली. आपल्या मापात हे लिटरला सुमारे २०० किलोमीटर होते. या गाड्यांपैकी अनेक हौशी माणसांनी स्वतः बांधल्या होत्या, हे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

कवच बांधताना

अशी गाडी बांधायची झाल्यास कोणती तत्त्वे पाळावीत, ती थोडक्यात देतो.

एक : मूळ सांगाडा, ब्रेक आणि दिवे यांना हात लावू नये. कवच हे त्यांच्यावर चढवलेले अंग आहे.

दोन : नाक गोल असावे. शेपटीचा उतार सौम्य असावा. तो १०-१२ अंशांहून अधिक झाला की हवा सुटते आणि भोवरे परत येतात.

तीन : हँडल पूर्ण वळले पाहिजे आणि चालकाचे दोन्ही पाय सहज जमिनीला टेकले पाहिजेत. हे साधत नसेल तर ती गाडी निरुपयोगी आहे.

चार : आपल्या गाड्यांची बहुतेक इंजिने हवेने थंड होतात. ती झाकून टाकल्यास विदर्भाच्या उन्हाळ्यात जळतील. पुढून हवा आत येण्यास आणि मागून बाहेर जाण्यास वाट ठेवावी.

पाच : पुढचे चाक दोन्ही बाजूंनी झाकू नये. आडवा वारा आणि शेजारून जाणारा ट्रक यांचा धक्का तेथेच सर्वांत घातक ठरतो.

सहा : अडथळा कमी झाला की इंजिनावरील भार घटतो आणि कमी भारावर इंजिनाची कार्यक्षमता उतरते. म्हणून कवचाबरोबर मागच्या स्प्रॉकेटचे दात कमी करून इंजिनाचे फेरे कमी करावे लागतात. हे न केल्यास बचतीचा बराच भाग वाया जातो.

क्षेत्रफळ-आकार गुणाकार निम्मा झाला, तर ताशी ६० वेगाला एकूण अडथळा १३५ वरून ८५ न्यूटनवर येतो, म्हणजे ३७ टक्के घट. ताशी २० ला ही घट फक्त १२ टक्के. म्हणजेच कवच महामार्गावर उपयोगी आहे, बाजारात नाही.

कायद्याचे भानही हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाजोगा बदल करून गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास पालकावर आणि वाहनमालकावर गुन्हा दाखल होतो. म्हणून विद्यार्थ्यांनी हा विषय प्रतिकृतीच्या पातळीवर हाताळावा, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे.

शाळेत करता येतील असे प्रयोग

पहिला प्रयोग पंख्याचा. पुठ्ठ्याची सपाट चकती, कागदी चेंडू, शंकू आणि थेंबाचा आकार अशा चार वस्तू एकाच व्यासाच्या बनवाव्यात. आत वाळू भरून सर्वांचे वजन सारखे करावे. एकेक वस्तू दोऱ्याने टांगून टेबल पंख्यासमोर ठराविक अंतरावर धरावी आणि दोरा किती अंशांनी झुकतो ते कोनमापकाने मोजावे. थेंबाचे निमुळते टोक एकदा पंख्याकडे आणि एकदा विरुद्ध दिशेला ठेवून पाहावे. शेपटीचे महत्त्व हातोहात पटते.

दुसरा प्रयोग सायकलचा. शाळेच्या मैदानावर ठराविक खुणेपर्यंत सारख्या वेगाने यावे, पेडल थांबवावे आणि सायकल किती अंतर जाऊन थांबते ते टेपने मोजावे. एकदा ताठ बसून, एकदा वाकून. वाऱ्याचा परिणाम निघून जावा म्हणून दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घ्यावी. बांबूच्या कामट्यांचा हलका सांगाडा करून त्यावर जुन्या फ्लेक्सचे कापड ताणले, तर सायकलीसाठी शेपूटही तयार होते. कामट्या वळवण्याची विद्या आपल्या गावातील बुरुड कारागिराकडून शिकावी. त्या हातांमधील ज्ञान पुस्तकातील ज्ञानाहून कमी प्रतीचे नाही.

तिसरा प्रयोग घरच्या गाडीचा, आणि तो पालकांनी करावा. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा लिहावा, महिनाभर नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवावी, पुन्हा तशीच भरावी आणि भागाकार करावा. एक महिना ताशी ६० ने, एक महिना ५० ने. हिशेबाची वही मुलांनी ठेवावी.

या तिसऱ्या प्रयोगात सर्वांत स्वस्त बचत दडलेली आहे. आमच्या उदाहरणातील गाडीचा वेग ६० वरून ५० वर आणला, तर एकूण अडथळा १३५ वरून सुमारे १०४ न्यूटनवर येतो. म्हणजे कवच न बांधता, एकही रुपया खर्च न करता, जवळपास चौथा हिस्सा अडथळा कमी झाला. २५ किलोमीटरच्या वाटेवर यासाठी केवळ पाच मिनिटे अधिक लागतात. रोज ५० किलोमीटर आणि वर्षातील ३०० दिवस असा प्रवास धरला तर १५,००० किलोमीटर होतात. लिटरला ४७ प्रमाणे ३१९ लिटर पेट्रोल लागते. त्याचा पाचवा हिस्सा जरी वाचला तरी ६० लिटरहून अधिक, म्हणजे वर्षाला सहा हजारांहून अधिक रुपये. एका मुलीच्या वर्षभराच्या वह्या-पुस्तकांचा, गणवेशाचा आणि एसटीच्या पासचा खर्च यातून निघू शकतो. शिवाय ताशी ५० च्या वेगात गाडी आवरता येते, जीव वाचतो, हे निराळेच.

पाहा, मोजा, मग माना

बाजारात पेट्रोलच्या नळीवर बसवायची लोहचुंबके आणि टाकीत टाकायच्या गोळ्या दामदुप्पट ॲव्हरेजच्या नावाने विकल्या जातात. मोजमापाच्या कसोटीवर असे दावे टिकलेले नाहीत. तरीही माणसे फसतात. कारण आपण ऐकतो, मोजत नाही. तथागतांनी केसपुत्त नगरीतील कालामांना उपदेश केला तो हाच, की परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही मानू नये. स्वतः तपासावे आणि हितकर ठरले तर स्वीकारावे. धम्मवंदनेत आपण धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे या आणि पाहा असे आवाहन करणारा. वंदनेतील हा शब्द प्रयोगशाळेच्या दारावरही शोभेल असा आहे. आम्ही दिलेले आकडेही विद्यार्थ्यांनी याच कसोटीवर घासून पाहावेत. चूक निघाल्यास आम्हांस आनंदच होईल.

निवासी शाळेत येणारा आपला विद्यार्थी बहुधा घरातील शिकणारी पहिली किंवा दुसरी पिढी असतो. तो उद्या अभियंता होईल, गॅरेज टाकील किंवा शेती करील. जे काही करील ते कारण जाणून करावे, एवढीच अपेक्षा आहे. गाडी चालवणारा हात आणि तिचे गणित मांडणारे डोके एकाच माणसाचे असावे, यासाठी मागील पिढ्यांनी मोठी किंमत मोजली आहे. वाऱ्याला जात दिसत नाही. त्याचा नियम सर्वांना सारखाच लागू आहे, आणि तो शिकण्याचा अधिकारही सर्वांचा आहे. शाळेच्या पुढील विज्ञान प्रदर्शनात थेंबाच्या आकाराची निदान एक प्रतिकृती आणि तिच्याशेजारी मोजमापांची एक वही ठेवलेली दिसावी, अशी मंगल कामना व्यक्त करून हा अभ्यास येथे थांबवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!